सिनेमात ती परत येते

टीव्हीवर तो जुना हिंदी सिनेमा लागला
की आई शेवटची पंधरा मिनिटं बघत नाही.
टांगा चिंचेच्या वळणाकडे निघतो,
मधल्या सुनेच्या मांडीवर शिलाईचं मशीन,
मागे दारात उभं अख्खं खटलं,
आणि आई उठते.
कुकर लावायचाय म्हणते. दुपारचे चार वाजलेले असतात.
बाविसाव्या मजल्यावर आमचा घोडबंदर रोडचा वारा,
माझी बायको विचारते, पुढे काय होतं हो?
आई ओट्यापाशी उभी राहून म्हणते,
पुढे काही नाही.

सिनेमा एका कादंबरीवरचा.
कादंबरी तीनशे बारा पानांची, मराठी अनुवाद,
चरईतल्या लायब्ररीनं निळ्या रेक्झिनमध्ये पुन्हा बांधलेली,
उजव्या पानांवर ओळीचं पहिलं अक्षर शिवणीनं गिळलेलं.
आईनं ती लग्नाआधी वाचली होती.
सिनेमा बघितला लग्नानंतर,
तळ्याजवळच्या थिएटरात, मॅटिनीला, सासूबरोबर.
आजी इतकी रडली
की पुढच्या रांगेतल्या बाईनं वळून आपला रुमाल दिला.
कोपऱ्यात 'व' काढलेला तो रुमाल
कितीतरी वर्षं आमच्या कपाटात होता.
खारकर आळीत आजीनं सगळ्यांना सांगितलं,
शेवटी येते हो परत.
सगळे जेवायला बसतात, ती वाढते.
आई तेव्हा भिजलेले वाल सोलत होती.

अठ्ठ्याऐंशी साली आजीचा मोतीबिंदू काढला.
एका डोळ्यावर पट्टी, दुसरा आधीच गेलेला.
रेडिओ नको म्हणाली, बातम्या नकोत,
शरयू, ती मधल्या सुनेची गोष्ट वाच.
रोज दुपारी वीस पानं.
गिळलेली अक्षरं आई अंदाजानं लावायची.
मी दहा वर्षांचा,
कॅरमच्या सोंगट्या पावडरीनं पुसत ऐकायचो.

शेवटच्या प्रकरणाच्या दिवशी
आई पाणी प्यायली. बसली. पुन्हा उठून खिडकी लावली.
पानाच्या तळाशी कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलेलं
मी आधीच पाहून ठेवलं होतं:
सिनेमात ही परत येते. साफ खोटं.
त्याखाली दुसरं हस्ताक्षर:
तुम्हाला काय करायचंय?

आईला काहीही वाचता आलं असतं.
आजीला कोण पान दाखवणार होतं?
टांगा माघारी फिरवायला दोन वाक्यं पुरली असती.
पण आईनं जे होतं ते वाचलं.
टांगा वळला. धूळ बसली. थोरल्यानं दार लावून घेतलं.
खडबडीत रस्त्यानं मशीनचं चाक
मांडीवर आपोआप फिरत होतं
आणि तिनं ते थांबवलं नाही.
समाप्त, हेही वाचलं.

आजी म्हणाली, पुन्हा वाच. टांग्यापासून.
आईनं वाचलं.
मग बराच वेळ
खाली कल्हईवाल्याचा भाता तेवढा.
मी थेटरात रडले ना, आजी म्हणाली,
ती गेली म्हणून नव्हे.
आली म्हणून रडले.
गेली होती गं चांगली.
आणि मग, थांबून,
तू कोपरीच्या पुलावरून परत आलीस
त्या रात्रीसुद्धा…
एवढंच.
आईनं पुस्तक मिटलं.
मला म्हणाली, सोंगट्या उचल.

कोपरीच्या पुलाचं मी कधी विचारलं नाही.
पुस्तक परत करताना दंड पडला, एक रुपया चाळीस पैसे,
तो आजीनं आपल्या बटव्यातून दिला.

त्या दिवशी पाच वाजता पट्टी सोडून
आईनं थेंब घातले.
नंतर दहा मिनिटं डोळा मिटलेला ठेवायचा,
डॉक्टरांनी बजावलं होतं.
गालावरून ओघळलं ते औषधच असणार,
आईनं कापसानं टिपलं.
घड्याळ बघायचं काम माझ्याकडे.
दहा झाली, मी सांगितलं.
आजी म्हणाली, राहू दे अजून.